रेट खराब करू नका

शनिवार, रात्री साडेअकरा

आज सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय. सोळाव्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या जोडप्याने त्यांच्या कामवाल्या ताईंना इथे बाकीचे देतात त्यापेक्षा जास्त पगार ठरवला, वर महिन्याला चार सुट्ट्या पगारी, आणि हे कळल्यावर मेसेजवर मेसेज, प्लीज रेट खराब करू नका, मग आम्हाला पण द्यावे लागतात. हात जोडलेले इमोजी वगैरे.

मला खूप राग आला. पण एक लिहायलाच हवं की ही माणसं वाईट नाहीयेत. सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा याच लोकांनी दोन दिवसात टेम्पो भरून गहू, चादरी पाठवल्या. मग पाचशे रुपये पगारवाढीला एवढं का जड जातं? मला वाटतं मदत करताना किती द्यायचं, कधी द्यायचं हे आपल्या हातात असतं आणि समोरचा हात जोडतो. पगार म्हणजे तिचा हक्क, तो दर महिन्याला द्यायचा आणि वर कोणी आभार मानणार नाही, तिथे आपण लगेच भाजीवाल्यासारखी घासाघीस करतो.

आणि हे सगळं लोअर परळमध्ये चाललंय याचं जास्त वाईट वाटतं. आमचा टॉवर जिथे आहे तिथे गिरणी होती. माझ्याकडे काम करतात त्या मावशींचे सासरे इथूनच जवळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, तीन पाळ्या, भोंग्यावर घड्याळ लावायचे म्हणे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कधी आत गेलेच नाहीत, सासरेही त्यातलेच. नंतर १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग ठरले, एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीनच वाटपात धरायची, गिरणीची इमारत जिथे उभी होती ती धरायची नाही, म्हणजे वाटायला राहिलं किती? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. मॉल झाले, ऑफिसं झाली, आमच्यासारख्यांचे टॉवर झाले. मावशींच्या घरच्यांनी चाळीतली खोली विकली, कर्ज फेडलं आणि उरलेल्या पैशात नालासोपाऱ्याला गेले.

आता त्याच घरची सून पहाटे उठून स्वतःचा स्वयंपाक आटपून विरारवरून भरून आलेल्या लोकलमध्ये कशीबशी चढते, दादरला उतरून स्लो पकडते, आणि सासऱ्यांच्या गिरणीपासून पाच मिनिटांवर पाच घरची भांडी घासते. कधी गाडी लेट झाली तर पहिल्याच घरी बोलणी बसतात. मला हे फक्त नशीब म्हणून सोडून देता येत नाही. मी तो नियम बदलला नाही, मान्य, पण त्या बदलानंतर जे उभं राहिलं त्यात मी राहते, लिफ्ट, गार्डन, स्विमिंग पूल सगळं वापरते, मग माझा काही संबंधच नाही असं कसं म्हणू?

मागे एकदा मावशी बोलता बोलता म्हणाल्या, ताई मी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही जास्त. का तर जायचं कुठे. चाळीस मजल्यांची बिल्डिंग आणि कामवाल्या बायकांसाठी एक टॉयलेट नाही, घरातलं वापरू देतात अशी घरं मोजकीच. वॉचमनची तीच गत, वर बारा बारा तासांची ड्युटी. आणि दर एजीएमला सिक्युरिटीचं कंत्राट कोणाला, तर ज्याचं कोटेशन सगळ्यात कमी त्याला. आता तो एजन्सीवाला स्वतःचा नफा तर सोडणार नाही, मग ते कमी झालेले पैसे कोणाच्या पगारातून गेले हे कळायला फार हुशारी लागत नाही. त्या कोटेशनला आपण सगळे हात वर करून मंजुरी देतो.

सरकारने करायला पाहिजे, असं एका काकांनी ग्रुपवर लिहिलं. हो, पाहिजेच. पण २००८ पासून राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या बायकांना नोंदणी करता येते, आणि त्या अर्जासोबत जिथे काम करतात तिथल्या मालकाचा दाखला लागतो. मावशींनी आधी दुसऱ्या दोन घरी विचारलं होतं, दोन्हीकडे नाही म्हणाले, उगाच सही कशाला, उद्या काही मागे लागलं तर. म्हणजे सरकारचं अडलंय ते आपल्याच दारात. त्यांच्या दाखल्यावर मी सही करून दिली, दोन ओळींचं काम आहे ते!

आज ग्रुपवर मी लिहिलं की त्या जोडप्याने ठरवलेला पगार मला योग्य वाटतो आणि पुढच्या महिन्यापासून मीही तेवढाच देणार, रविवारची सुट्टी पगारी. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा वेगळा मेसेज आला, मी पण देते गं पण ग्रुपवर बोलायची भीती वाटते. मग सेक्रेटरींना फोन केला. तळमजल्यावर मीटररूमशेजारी जुनी स्टोअररूम पडून आहे, पाण्याची लाईन तिथपर्यंत आहेच, तिथे टॉयलेट होऊ शकतं. ते म्हणाले लेखी द्या, मीटिंगच्या अजेंड्यात घेतो. पत्र लिहून झालंय, वॉचमनच्या आठ तासांच्या ड्युटीचा मुद्दाही त्यातच घातलाय, उद्या काकूंची सही घेते आणि सोळाव्या मजल्यावर जाते.