गाव आधीचं, पेठ नंतरची

निपाणी-चिकोडी भागातल्या आमच्या गावात इतिहास मंडळ सुरू झालं आणि पहिलाच वाद पेटला तो स्थापनेच्या सालावरून. कुणी गावाचं साल सांगत होतं, कुणी पेठेचं. गावाचा पुरावा हळेगन्नड (जुन्या कन्नड) शिलालेखात, पेठेचा मोडी कौलनाम्यात, म्हणजे वसायला येणाऱ्यांना दिलेल्या सवलतीच्या लेखी हमीत. दोन्ही वेगळे धरले तेव्हाच घोळ सुटला.

शिलालेख देवळाच्या ओवरीत, चुन्याच्या थरांखाली होता. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड अजिबात लावायचं नाही, अक्षरांच्या कडा झडतात. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. मग रात्री बॅटरी दगडालगत आडवी धरून चारी बाजूंनी फोटो काढले. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून आली. वाचन कन्नडच्या निवृत्त सरांनी केलं, त्यांच्याशिवाय एक ओळही हलली नसती.

शकात ७८ मिळवून थांबू नये, संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, ताडावं. बेळगावच्या रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या लेखात शक ११२७, रक्ताक्षी संवत्सर आहे. बेरीज १२०५ येते, पण रक्ताक्षी आणि पौष महिना जुळतात ते डिसेंबर १२०४ ला. तिथे चालू शक (सुरू असलेलं वर्ष) मोजलाय, गत (पूर्ण झालेलं) नव्हे. आमच्या लेखाचं सालही असंच एक वर्ष पुढं गेलं होतं.

कौलनाम्यानं जास्त दमवलं. पेठेत येऊन दुकान घालील त्याला पहिली काही वर्षं पट्टी माफ, असा मजकूर. साल अरबी शब्दांत: ‘सलास सबैन मया व अलफ’. म्हणजे ३, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७३. खाली ‘छ १४ जमादिलावल’, म्हणजे त्या महिन्याचा चौदावा चंद्र, तारीख. महिना हिजरी म्हणून सालही हिजरी धरलं आणि १७६० काढलं. वेशीच्या कमानीवर ते कोरायलाही दिलं होतं! पण अशा कागदांत महिना हिजरी असला तरी साल सुहूर, म्हणजे मराठी दफ्तरांतल्या सौर सनाचं, असतं. सुहूर सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या सालात १४ जमादिलावल ऑगस्टात येतो, म्हणून आमचा कागद १७७२ चा. कोरणाऱ्याला त्याच दिवशी थांबवलं.

कागद शोधणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे पेशवेकाळातलं काही हवं असेल तर बंगळूरच्या आधी पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं, आणि जाताना आपल्या गावाची जुनी तर्फ, परगणा (तेव्हाचे महसुली विभाग) लिहून न्यावा. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्याच नावांनी सापडतात, तालुक्याच्या नव्हे.