रेडी? येस. प्ले!

अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी मी मोबाइल गेम तपासते. त्या दिवशी क्रिकेटचा गेम होता आणि तो खेळून बघायला दादरहून एक कॉलेजचा मुलगा आला होता, जन्मापासून अंध. त्याच्या फोनवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, इतक्या भरभर बोलत होता की मला एक अक्षर कळेना. तो मात्र सराईतपणे बोटं फिरवत होता. गेम उघडला आणि फोन गप्प!

ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो ते गेम इंजिन सगळा पडदा एका चित्रासारखा रंगवतं. बटणं आपल्याला दिसतात, टॉकबॅकला काहीच सापडत नाही. प्रत्येक बटणाची ओळख प्रोग्रामरला मुद्दाम करून द्यावी लागते. इथे मुख्य पानावर ती होती, पण त्याआधी भाषा निवडायच्या पानावर नव्हती. म्हणजे दार उघडं, पण जिना बंद. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये अपंग खेळाडूंसाठी 60 हून जास्त सोयी आहेत. आम्हाला तेवढ्या नकोत, पण पहिल्या पडद्यापासून हव्यात.

मी भाषा निवडून दिली. चेंडू जवळ येईल तसा सूर चढायचा. ऑफचा उजव्या कानात, लेगचा डाव्या. तरी तो सारखा चुकत होता.

"ताई, टप्पा कुठे ऐकू येतोय?"

तो अंधांचं क्रिकेट खेळतो. त्यांच्या प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात. चेंडू हात खालून फिरवून टाकतात आणि पहिला टप्पा खेळपट्टीच्या मध्याआधी पडावा लागतो. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणतो, मग 'प्ले' म्हणत चेंडू सुटतो. 2012 मध्ये अंधांचा पहिला टी-20 विश्वचषक भारताने जिंकला, तो याच नियमांनी. डोळे मिटून खेळता येईल असं क्रिकेट आधीच तयार होतं, आणि आम्ही नवे सूर शोधत बसलो होतो!

ध्वनीवाल्या सहकाऱ्याने तिथेच टप्प्याचा ठोका घातला, प्रेक्षकांच्या गलक्याचा आवाज वेगळा कमी करायची सोय दिली आणि आधी 'रेडी?' जोडलं. पुढच्याच षटकात कव्हरमधून चौकार. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

"पण फुलटॉसला टप्पाच नाही," सहकारी म्हणाला. "त्याला कुठला आवाज देऊ?"

"काहीच नको, दादा. ठोका आला नाही की मला कळेल."