जुनी दुनळी बाराबोअर: घेताना काय पाहावं, पावसाळ्यात कशी जपावी, सुटे भाग कुठून आणावेत

कोकणात आणि गोव्यात घरोघरच्या परवान्यांवर अजूनही जुन्या दुनळी बाराबोअर बंदुका आहेत. काही बर्मिंगहॅमच्या, काही बेल्जियमच्या लिएजच्या, काही आपल्याकडच्या मुंगेरच्या किंवा जम्मूच्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंदच आहे. त्यामुळे चांगली विलायती बंदूक हवी तर ती जुनीच घ्यावी लागते, आणि तिचा भाग तुटला की खरा प्रश्न सुरू होतो. या बंदुका हाताने घासून, जुळवून बसवलेल्या असतात. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन बंदुकांचे घोडे एकमेकींत बसत नाहीत. म्हणून सुट्या भागांचा विचार बंदूक घेतानाच करायचा असतो.

आधी यंत्रणा पाहा. बाहेर घोडे असलेली हॅमर गन जुनी दिसते, पण दुरुस्तीला सगळ्यांत सोपी. तिचा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आपटून बार पेटवणारा भाग, ही साधी पिन आणि तिच्यावरची छोटी स्प्रिंग. दुसरी बॉक्सलॉक, म्हणजे घोडे बाहेर न दिसता आतल्या सांगाड्यात असलेली. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी तीच रचना उचलली. प्रत्येक बाजूला मोजकेच चालते भाग, सगळे भक्कम. मात्र बऱ्याच बॉक्सलॉकमध्ये घोडा आणि स्ट्रायकरचं नाक एकाच तुकड्यात असतं, त्यामुळे नाक तुटलं तर काम वाढतं. तिसरी साइडलॉक, म्हणजे यंत्रणा दोन बाजूंच्या पत्र्यांवर बसवलेली. देखणी, आणि चांगल्या साइडलॉकला घोडा चुकून सुटला तर मध्येच अडवणारी जादा खिट्टीही असते. पण तिच्या स्प्रिंगा बनवणारा हात आज मिळणं कठीण.

माझं मत स्पष्ट आहे: शेतावर वापरायची असेल तर इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा, नसलेली बॉक्सलॉक घ्या. रिकामं काडतूस बोटांनी काढायला दोन सेकंद जास्त लागतात, पण इजेक्टरच्या स्प्रिंगा, छोटे घोडे, खिट्ट्या हे सगळं तुटण्याच्या यादीतून निघून जातं.

नळीखालचे तपासणीचे शिक्के भिंगातून वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. पुढचा लाकडी भाग काढून नळी वेगळी केली की ते दिसतात. विलायती नळीवर ‘नायट्रो प्रूफ’ असा उल्लेख असेल तर ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. १९५४ नंतरच्या शिक्क्यांत दाबाचे टन आणि चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या जागेची, लांबीही कोरलेली असते. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का दिसला तर ती नळी १८७५ ते १८८७ मधली, म्हणजे मुळात काळ्या दारूची. नळीवर नागमोडी वेलबुट्टीसारखे पट्टे दिसले तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली. वेगळा नायट्रो शिक्का नसेल तर तिच्यात आजचं काडतूस घालू नका. लिएजच्या नळीवर धूरविरहित दारूसाठी सिंहाखाली ‘पीव्ही’ ही अक्षरं हवीत.

चेंबरची लांबी हा सर्वांत घातक घोळ आहे. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिमीचं असतं. काडतुसाच्या खोक्यावर लिहिलेली लांबी मात्र तोंड उलगडल्यानंतरची असते. ७० मिमीचं काडतूस न उडवलेलं जेमतेम ५८ मिमी भरतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. उडवल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक लगेच फुटेल असं नाही, पण प्रत्येक बार काढला की बिजागरी आणखी सैल होत जाते. खडकीच्या कारखान्याचं काडतूस असो की आणखी कुठलं, खोक्यावरची लांबी आणि नळीवरचा आकडा ताडून पाहा. चेंबर खोल करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर नकार द्या. तिथली भिंत पातळ होते आणि मूळ शिक्क्याला अर्थ उरत नाही.

वीस बोअरचं काडतूस बाराबोअर असलेल्या घरात ठेवूच नका. ते चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बाराचं काडतूस बसतं, आणि बार काढला की नळी फाटते. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याच कारणासाठी.

आता बिजागरीचा ढिलेपणा. तपासताना पुढचा लाकडी भाग काढून ठेवा, कारण त्याच्या स्प्रिंगचा ताण ढिलेपणा झाकतो. बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरा आणि नळी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. नंतर उजेडासमोर धरून नळीचं बूड आणि मागची सपाट भिंत यांच्यामधून पाहा. फट दिसली तर बंदूक ढिली आहे. खरी दुरुस्ती म्हणजे हुकवर, म्हणजे नळीखालच्या बिजागरीच्या पिनेला अडकणाऱ्या भागावर, धातू चढवून तो नव्याने घासून बसवणं, किंवा बिजागरीची पिन जाड करणं. हुक ठोकून पसरवला असेल किंवा आत पत्र्याची चकती घातली असेल, तर तो काही बारांपुरता मुलामा आहे. हुकवर हातोडीच्या खुणा शोधा, त्या लपत नाहीत.

नळी आतून पाहताना खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब नळीत पडू द्या. सावलीची रेघ एका जागी वाकली तर तिथे पोचा आहे. पूर्ण कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे. पोचा काढता येतो. फुगवट्याच्या वाटेला जाऊ नका. भिंतीची जाडी मोजायचं साधन चांगल्या गनस्मिथकडे असतं. सगळ्यांत पातळ जागी २० थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे अर्धा मिमीच्या खाली गेलेली नळी घेऊ नका. आतली जुनी खड्डे-गंजाची जागा कुणी घासून चकचकीत केली असेल, तर तिथे भिंत तेवढीच खाल्ली गेलेली असते. आरसा झालेली जुनी नळी मला म्हणूनच जास्त संशयास्पद वाटते.

दोन नळ्यांमधली पट्टी, म्हणजे रिब, मऊ डाखाने चिकटवलेली असते. नळी हुकापाशी दोरीने टांगून नखाने टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक. आवाज बसका आला तर डाख सुटलाय, आणि आपल्याकडच्या पावसात आत पाणी जाऊन गंज बसलेला असणार. याच डाखामुळे दुनळीला काळा रंग देताना उकळत्या क्षारांची पद्धत चालत नाही. त्या द्रावणाने डाख खाल्ला जातो आणि काही महिन्यांत पट्टी सुटते. हळूहळू गंज चढवून, तो उकळून, घासून काळा करण्याची जुनी पद्धतच लावायला सांगा, वेळ लागला तरी.

चापाचं वजन साध्या ताणकाट्याने मोजता येतं. पुढचा चाप साधारण पावणेदोन किलो आणि मागचा थोडा जड असावा. फार हलका झालेला चाप म्हणजे घोडा ताणून धरणाऱ्या खिट्टीची धार झिजलेली. आणि हे कायम लक्षात ठेवा: बहुतेक बॉक्सलॉकची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. दस्ता आपटला तर झिजलेली खिट्टी सुटू शकते. म्हणून बांध ओलांडताना बंदूक उघडून काडतुसं बाहेर.

निगा राखण्यात आपला शत्रू एकच, जून ते सप्टेंबरची हवा. वापरानंतर आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी वेगळी करा. कोऱ्या कापडाने चेंबरकडून तोंडाकडे एकदा जा, मग फॉस्फर ब्राँझचा बाराबोअर ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजवून आठ-दहा फेऱ्या, मग कापड काळं येईनासं होईपर्यंत कोरडं पुसणं, आणि शेवटी हलक्या खनिज तेलाचा पातळ हात. शिवणयंत्राचं तेल उत्तम चालतं. खोबरेल नको. ते खवट होतं, चिकटतं आणि थंडीत गोठतं. रॉकेलने घाण सुटते पण ते उडून जातं आणि मागे धातू उघडा राहतो. काळ्या दारूचे किंवा फार जुन्या साठ्यातल्या काडतुसांचे बार काढले असतील तर आधी गरम पाणी. त्यांचा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. पाण्यानंतर नळी पूर्ण कोरडी, मग तेल. ठासणीच्या बंदुकीलाही हेच.

हुकाला आणि बिजागरीला तांदळाच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस. स्ट्रायकरच्या भोकात तेल ओतू नका. घट्ट होऊन तेच पुढे फुसक्या बाराचं कारण ठरतं. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की तेल झिरपत लाकडाच्या डोक्यात मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि धक्क्याने उभी चीर जाते. म्हणून साफ केल्यावर रात्रभर तोंड खाली करून जुन्या फडक्यावर ठेवा. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत पावसाळ्यात बंदूक ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. कुलपाच्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करा.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर नेण्याआधी नळीत आत-बाहेर नेहमीपेक्षा जाड तेलाचा थर द्या, चेंबरसुद्धा, आणि परत आणल्यावर पहिला बार काढण्याआधी ते पूर्ण पुसा. नळीत साचलेलं तेल हा अडथळाच असतो. जमा पावतीवर क्रमांकाबरोबर बंदुकीची अवस्थाही लिहून घ्या.

रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका. घोड्याचं नाक तुटण्याचं हे मुख्य कारण. स्प्रिंगा सोडायच्या तर डमी काडतुसं घाला, त्यांत टोपीच्या जागी दाबलं जाणारं रबर किंवा स्प्रिंग असते.

फुसका बार झाला तर अर्धा मिनिट तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबा, मग काडतूस काढून टोपीवरचा खड्डा पाहा. खड्डा उथळ असेल तर स्प्रिंग थकलीय, भोकात घाण आहे किंवा बिजागरी ढिली होऊन काडतूस पुढे सरकतंय. टोपी छेदली गेली असेल तर स्ट्रायकरचं टोक टोकदार झालंय. ते अर्धगोल हवं. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. पावसात फुगलेलं कागदी काडतूस जोर लावून बसवू नका, बाजूला ठेवा.

सुट्या भागांचं कायद्याचं अंग नीट समजून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. म्हणून नळी, घोडा, यंत्रणेचा सांगाडा हे भाग भंगारवाल्याकडून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून घ्यायचे नाहीत. दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडेच, मूळ परवाना दाखवून, बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घेऊन. तोंडाशी फाटलेली नळी घरी कापणं हाही गुन्हा आहे. नळी आखूड करायला कलम ६ प्रमाणे परवानगी लागते.

भाग तुटला तर दोन्ही तुकडे जपा. स्प्रिंगचा हरवलेला तुकडा म्हणजे कारागिराला माप उरत नाही. तुटलेल्या भागाशेजारचा, न तुटलेल्या बाजूचा जोडीदारही द्या. डावा आणि उजवा एकमेकांचं प्रतिबिंब असतात, नमुना तिथून मिळतो. विलायती जुन्या भागांतून ‘त्याच मेकचा’ घोडा मिळाला तरी तो कच्चा माल समजा, खिट्टीची धार घासून जुळवावीच लागेल. नवी व्ही-स्प्रिंग हातात आली की भिंगाखाली वाकाची जागा पाहा. कानशीच्या रेघा लांबीच्या दिशेने असाव्यात. आडव्या रेघा दिसल्या तर स्प्रिंग तिथेच तुटेल, परत करा. नव्या स्ट्रायकरचं टोक मागच्या सपाट भिंतीच्या बाहेर सव्वा मिमीच्या आसपास यावं आणि बंदूक उघडताना आत सरकावं.

स्क्रूंची भोकं पसरट, खाचा फाटलेल्या दिसल्या तर आधी कुणीतरी बाजारू स्क्रू-ड्रायव्हरने आत हात घातलाय. या खाचा फार अरुंद असतात, त्यांच्या मापाला घासलेलंच पातं लागतं. तुमच्या गनस्मिथकडे अशी पाती आणि मेनस्प्रिंग दाबायचा शिकंजा आहे का, एवढं बंदूक सोपवण्याआधी विचारा. शिकंजा नसेल तर बॉक्सलॉक त्याच्यापुढे उघडू देऊ नका.