गुरुवारी बोंडला बंद असतं
सहलीची परवानगी, पालकांच्या सह्या, बस, पाण्याचे कॅन, कुणाला उलटी झालीच तर पिशव्या, सगळ्याला टिक केलं होतं मी. फक्त वार बघितला नाही. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं हे अख्ख्या गोव्याला माहीत, सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षं शिकवणाऱ्या ह्या फोंड्याच्या टीचरला सोडून.

गेटला हे मोठं कुलूप. बसमध्ये तिसरी-चौथीची ३१ पोरं. वॉचमन बसकडे बघून एवढंच म्हणाला, "टीचर, आज बिरेस्तार." म्हणजे गुरुवार. मला तर तिथेच बसून रडावंसं वाटलं. गवा म्हणजे आपला राज्यप्राणी, त्याच्यावर आठवडाभर तक्ता-बिक्ता करून शिकवलेलं आणि आता काय सांगायचं पोरांना? बसमध्ये चढून तोंड पाडून सांगितलं, आज गवा दिसणार नाही. तर मागच्या सीटवरून आवाज, "टीचर, गवो आमच्या कुळागरात येता, परवाच बाबांनी डबा वाजवून पळवला." दुसरा म्हणे आमच्याकडे दोन आलेले. सगळी बस हसली. ज्यांच्या कुळागरात, म्हणजे घरामागच्या माड-पोफळीच्या बागेत गवा येतो त्यांना तो जाळीमागे दाखवायला मी बस करून घेऊन चालले होते, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

ड्रायव्हरबाब शहाणा माणूस. म्हणाला तांबडी सुर्लाला जाऊया, देवळाला कुठे सुट्टी असते. मग उसगाव तिस्क, धारबांदोडा, मोले आणि तिथून डावीकडे आत, दोन्ही बाजूंना रान. हेडबाईंना फोन करायला हवा होता पण रेंज गेली, खरं सांगायचं तर बरंच झालं.

महादेवाचं देऊळ छोटंसंच पण गोव्यात जिथे तिथे जांभा नि चिरे, आणि हे मात्र काळ्या बसाल्टचं, दगड घाटावरून आणला म्हणतात. कदंब राजांच्या काळातलं, १२व्या-१३व्या शतकातलं असं मी सांगायला लागले तर एकाने विचारलं, "कदंब म्हणजे बसवाले?" गोव्यातल्या सरकारी बसचं नावही कदंबच, आता ह्याला काय उत्तर द्यायचं. आत नंदी आहे त्याला डोकंच नाही, ते कुणी नेलं ह्यावर पोरांची पंधरा मिनिटं चर्चा. एका खांबाच्या पायाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय, ते बघायला सगळी पोटावर झोपली, युनिफॉर्म गेला कामातून.

पण खरी मजा बाहेर नदीकाठी. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगलां, कवंडळां असली रानफळं शोधत रान पालथं घालणारी पोरं ही, पायवाटेला लागल्यावर टीचर कोण तेच कळेना. वर्गात अजून बेरीज चुकणारी एक मुलगी झुडपाशी थांबली आणि सुकलेली, दोरीला पीळ द्यावा तशी शेंग तोडून माझ्या हातात ठेवली. मुरुडशेंग. "आजी उगाळून देते, बाळाचं पोट दुखलं की. पीळ बघा टीचर, पोटात मुरडा येतो तसाच." पुस्तकात वाचलेली होती मी, हातात पहिल्यांदाच घेतली. पुढे दोन झाडांमध्ये भलंमोठं जाळं, उन्हात सोन्यासारखं पिवळं, मधोमध हाताच्या पंज्याएवढा कोळी. मी किंचाळले. पोरं ओळीने खाली वाकून जाळ्याखालून पलीकडे गेली, एक तार तुटू दिली नाही. मग मलाही तसंच जावं लागलं, साडी सावरत, डोळे मिटून.

घोटाभर पाण्यात पाय सोडून डबे खाल्ले. परत यायला संध्याकाळ झाली, हेडबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळी. अहवालात सहलीचं ठिकाण खोडून लिहावं लागलं.

सोमवारी "माझी सहल" निबंध लिहून घेतला. वाटलं देऊळ, कोळी, नदी येईल. मुरुडशेंगवालीने पाऊण पान फक्त बोंडल्याच्या कुलपावर लिहिलंय. आणि शेवटची ओळ, "आमच्या टीचर कोळ्याला घाबरतात पण चांगल्या आहेत."