काळजीने थकवा येतो की थकव्याने काळजी?

“रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तरी जीव सतत धास्तावलेला असतो आणि सकाळी उठल्यापासूनच अंगात त्राण नसते. काळजीने थकवा येतो की थकव्याने काळजी वाढते? तुमचे चिनी वैद्यक याला काय म्हणते?” मी ॲक्युपंक्चरचा व्यवसाय करते, त्यामुळे हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

‘हुआंगदी नेईजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ग्रंथात प्रत्येक भावना एकेका अवयवाशी जोडलेली आहे. राग यकृताशी, भीती मूत्रपिंडांशी, शोक फुप्फुसांशी, आणि तीच ती गोष्ट मनात पुन्हा पुन्हा घोळवणे प्लीहेशी. अशा घोळवण्याने ‘छी’ला, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या जीवनशक्तीला, गाठ बसते, असे तो ग्रंथ सांगतो. (हा शब्द मराठीत लिहिणे ही एक पंचाईतच आहे, ‘ची’ लिहावे तर तो प्रत्यय वाटतो आणि ‘छी’ लिहावे तर किळस. मी पुढे ‘बळ’ म्हणते, ते पुरते नसले तरी.) येथली प्लीहा म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातला बरगडीखालचा अवयव नव्हे, तर खाल्लेल्या अन्नापासून बळ आणि रक्त तयार करण्याचे काम आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. विचार करण्याला आणि अन्न पचवण्याला बळ एकाच ठिकाणाहून मिळते, असा हा हिशेब आहे, आणि काळजीने घास उतरत नाही असे म्हणणाऱ्या आपल्याला तो फार परका वाटू नये. प्लीहा दमली की रक्त कमी तयार होते, आणि हृदयात वसणाऱ्या मनाला रात्री विसावायला रक्ताचाच आधार लागत असल्यामुळे झोप हलकी होते, छातीत धडधडते, क्षुल्लक आवाजाने दचकायला होते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचार घोळतात. त्यामुळे आधी काय आणि मागून काय, हा तुमचा प्रश्न त्या वैद्यकात फारसा उरत नाही.

या अवस्थेसाठीचा सर्वांत प्रसिद्ध काढा ‘ग्वेई पी थांग’ होय. तो यान योंगह या वैद्याने 1253 साली आपल्या ग्रंथात नोंदवला. त्यात जिनसेंग आहे, लिचीच्या कुळातल्या लोंगान फळाचा गर आहे, रानबोरांच्या बिया आहेत, आले आणि ज्येष्ठमधही आहे. मला मात्र त्यातले कोष्ठ नावाच्या वनस्पतीचे मूळ सर्वांत अर्थपूर्ण वाटते. हिमालयात उगवणारी ही सुगंधी मुळी स्वतः बळ देत नाही. बाकीची जड, पौष्टिक द्रव्ये पोटात साचून राहू नयेत म्हणून ती घातलेली आहे. थकलेल्या माणसाला बदाम, तूप आणि डिंकाचे लाडू भरवत सुटणाऱ्या घरांत मी हे हमखास सांगते.

मात्र प्रत्येक थकवा रिकामेपणाचा नसतो. काहींचे बळ शिल्लक असते, पण मनात दाबलेल्या रागामुळे आणि घुसमटीमुळे ते यकृताच्या वाटेवर अडकून पडते. मी विचारते, “अर्धा तास भरभर चालून आलात की कसे वाटते?” बरे वाटत असेल तर बहुधा अडकलेपण आहे, चालून आल्यावर आडवे व्हावेसे वाटत असेल तर रिकामेपण. अडकलेपणासाठी चीनमधल्या जुन्या सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात ‘श्याओयाओ सान’ नावाचे चूर्ण आहे, आणि त्या नावाचा अर्थच साधारण ‘स्वच्छंद भटकंती’ असा होतो. एकाला पौष्टिक आहार, दुसऱ्याला वाट मोकळी करणे. यात अदलाबदल झाली तर दोघांचेही बिघडते. अनेकांत दोन्हींची सरमिसळ असते, आणि तिथे माझाही अंदाज चुकतो.

चीनमध्येही हे दुखणे नेहमी जुन्याच भाषेत बोलले गेले असे नाही. विसाव्या शतकात ‘शेनजिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, हे पाश्चात्त्यांकडून आलेले निदान तेथे फार रुजले. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1980 साली छांगशा येथे असे निदान झालेले 100 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी 87 जणांना तीव्र नैराश्याचे निकष लागू पडले. मन खचले आहे असे सांगण्यापेक्षा डोके दुखते, झोप येत नाही, थकवा आहे असे सांगणे त्यांना सोपे होते. माझ्यासमोर बसणारी मंडळीही सुरुवात पाठीपासून किंवा ॲसिडिटीपासूनच करतात.

याचमुळे मी सुई हातात घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासली आहे का, ते पाहते. नैराश्य खोल असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते आणि चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू देत नाही. मनगटाच्या घडीवरच्या ‘शेनमेन’ या बिंदूवर सुई टोचल्यावर अनेकांना शांत वाटते हे मी रोज पाहते, पण संशोधनासाठी केलेल्या चाचण्यांमध्ये खोट्या सुया टोचलेल्यांनाही बराच गुण येतो, हेही मला ठाऊक आहे. काढे ऑनलाइन मागवू नका, असे मी बजावते, कारण त्यांतला ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते.

उरते ते जेवण. पहिल्या भेटीत माझा निम्मा वेळ सकाळी काय खाता, किती वाजता खाता आणि खाताना फोन कुठे असतो, हे विचारण्यातच जातो.