प्रशिक्षक बदलताना एका दाखल्यासाठी गेलेले सदतीस दिवस : माझा अनुभव

कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर आपल्या संघाचा सामना असला की पेठेतील निम्मी घरे रिकामी होतात. अशाच एका मंडळाच्या फुटबॉल विभागाचा सचिव या नात्याने गेल्या हंगामात प्रशिक्षक बदलण्याचे काम माझ्याकडे आले. बदल करावा की नाही यावर आम्ही जेवढा खल केला, त्याच्या दहाव्या हिश्शानेही तो अमलात कसा आणायचा याचा विचार केला नाही आणि त्याचा भुर्दंड खेळाडूंना बसला.

सलग चार सामने हरल्यानंतर कार्यकारिणीची बैठक झाली. १९८६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या फर्ग्युसन यांना पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला, तोवर क्लबने धीर धरला, असे एका ज्येष्ठांनी सांगितले. त्यावर, २०१६ मध्ये लेस्टर या इंग्लिश क्लबला लीगचे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक रानिएरी यांनाही नऊ महिन्यांत जावे लागले, हा दाखला तरुण सदस्यांनी दिला. शेवटी बहुमताने बदलाचा ठराव झाला. नवे प्रशिक्षकही ठरले होते. एका अनुदानित शाळेत ते क्रीडाशिक्षक होते, प्रशिक्षणाचा परवाना त्यांच्याकडे होता आणि त्यांनी तोंडी होकार दिला होता. त्याच रविवारी संध्याकाळी मी आणि खजिनदार जुन्या प्रशिक्षकांच्या घरी गेलो आणि सहा वर्षे संघ सांभाळलेल्या त्या माणसाला निर्णय कळवला. ते शांतपणे ‘बरं’ एवढेच म्हणाले. ही घाई माझी होती, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवतो.

अनुदानित शाळेतील पूर्णवेळ शिक्षकाला बाहेरचे मानधनाचे काम स्वीकारण्यापूर्वी संस्थेची परवानगी लागते, म्हणून सोमवारी सकाळीच मी ना हरकत दाखल्याचा अर्ज घेऊन त्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात गेलो. अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघतील, असे मला सांगण्यात आले आणि मी पोच न घेता परतलो. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा असा अर्ज आवक नोंदवहीत नाहीच, असे उत्तर मिळाले. दुसरा अर्ज दिला आणि या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला. कोणत्याही कार्यालयात कागद देताना त्याची पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नये. हे मला आधीपासून ठाऊक होते, तरीही मी हललो.

त्यानंतर दर फेरीला एकेक त्रुटी निघू लागली. पहिल्यांदा मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागितली. ती दिल्यावर, ठरावाच्या प्रतीवर सूचक आणि अनुमोदक यांची नावे नाहीत, असे सांगितले. ती घालून आणली, तर अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आहे का, हा प्रश्न आला. ते नव्हते. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत त्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती देणारा अर्ज, दाखल करावा लागतो आणि आमचा रिपोर्ट कपाटातच पडून होता. ही चूक निर्विवादपणे आमची होती. माझा राग निराळ्या गोष्टीचा आहे: या सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. प्रत्येक फेरीसाठी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवत होतो आणि प्रत्येक वेळी एकच त्रुटी ऐकून परतत होतो. नोंदीत नाव असलेल्या जुन्या विश्वस्तांच्या सहीने अर्ज नव्याने दिला, तेव्हा संस्थेची बैठक महिनाअखेरीला असते, असे समजले; आणि त्या महिन्याची बैठक दोनच दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

या काळात संघाला प्रशिक्षक नव्हता. सरावाची जबाबदारी कर्णधाराने घेतली, पण संघ कोणी निवडायचा हा प्रश्न सुटेना, कारण स्वतः खेळणाऱ्याने सहकाऱ्याला बाकावर बसवले की तो राग घरापर्यंत जातो. जुन्या प्रशिक्षकांनी लहानपणापासून घडवलेले तीन खेळाडू सरावाला येईनासे झाले. त्यांना भेटून बदलाची कारणे सांगणे हे आमचे काम होते आणि ती बातमी त्यांना कट्ट्यावरून कळली. त्या सदतीस दिवसांत आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला आणि दोन हरलो. नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळावरील एका अभ्यासाची माहिती मी तेव्हाच वाचली. घसरण झाल्यावर प्रशिक्षक बदललेले क्लब आणि तशीच घसरण होऊनही न बदललेले क्लब जवळजवळ सारखेच सावरले, असे त्यात आढळले होते. ते वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही, तरीही आमच्या संघाचा बचाव ज्या पद्धतीने कोलमडत होता ते पाहता बदल आवश्यकच होता, असे मी आजही म्हणतो.

दाखला अखेर एका दुपारी मिळाला. दोन ओळींचा मजकूर आणि एक सही. तो घेऊन मी थेट सरावाच्या मैदानावर गेलो आणि नव्या प्रशिक्षकांनी त्याच संध्याकाळी संघ हाती घेतला. पुढचे सुरळीत झाले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पुढच्या पाच सामन्यांत आम्ही एकच हरलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. जुन्या प्रशिक्षकांचे दोन महिन्यांचे मानधन थकले होते आणि निरोप देताना आम्ही ते सोबत नेले नव्हते. हिशेब त्याच भेटीत पूर्ण करावा. खेळाडूंच्या दुखापतींची त्यांनी ठेवलेली वहीही तेव्हाच मागायला हवी होती. नवे प्रशिक्षक आल्यानंतर चौथ्या दिवशी मी मानधनाचे पाकीट घेऊन एकटाच जुन्या प्रशिक्षकांकडे गेलो. पैसे न मोजता त्यांनी पाकीट बाजूला ठेवले, आतून वही आणून दिली आणि आमच्या डाव्या बचावपटूच्या गुडघ्यावर किती ताण चालतो, हे अर्धा तास मला समजावून सांगितले.