कुळ्यात एक रविवार

भाच्याला घेऊन फोंड्याहून गोव्यातल्याच कुळ्याला गेलो. उतरल्या उतरल्या जीपवाल्यांचा गराडा, "दूधसागर, दूधसागर?" म्हटलं, नाही हो, स्टेशन बघायला आलोय. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते!

इथून कर्नाटकातल्या कॅसल रॉक स्टेशनपर्यंत घाट. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. रेल्वेसाठी हा चढ भयंकरच. कोळशाने भरलेली मालगाडी आली आणि तिच्या शेपटाला बँकर इंजिनं, म्हणजे चढावर मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडायला लागले. मग पुढच्या हॉर्नला मागचा हॉर्न, पुढून ओढ, मागून रेटा. पायाखालचा फलाट थरथरला. भाचा म्हणतो, "मामा, बंद पडलेली गाडी ढकलतात तसंच की!" अगदी तसंच रे बाबा.

पोर्तुगीज काळातली, 1880च्या दशकातली ही लाईन. आधी मीटरगेज (अरुंद रुळांची) होती, ब्रॉडगेज (रुंद रुळांची) झाली 1990च्या दशकात.

रुळांवरून धबधब्याकडे चालत जायला मनाई आहे, तरी दोन पोरं निघालीच होती. रेल्वे पोलिसांनी परत फिरवलं, बरं केलं.

चहा, मिरची भजी, आणखी एक चहा. परतीची बस चुकली. घरून फोन आला तेव्हा पुढच्या मालगाडीला इंजिन लागत होतं, म्हणून उचलला नाही.